व्याह्यांचं सिराकूझा-दर्शन

जेझुआल्दो कार्पिंतेरीने मुलाच्या लग्नात एक वाक्य बोलून ठेवलं होतं. ते त्याला तीन वर्षांनी भोवलं.

लग्न मुलीकडच्यांच्या गावी, बेर्गामोला झालं. उत्तरेतलं गाव, नोव्हेंबर महिना, बाहेर धुकं आणि ताटात मक्याच्या पिठाचा पिवळा गोळा. जेझुआल्दोला थंडी सोसत नव्हती म्हणून तो वाईन पीत होता, आणि वाईन चढली की त्याला दक्षिणेतल्या आपल्या सिराकूझा गावाचा अभिमान चढत असे. शेजारी व्याही बसला होता. एर्मान्नो त्याचं नाव, सगळा जन्म बटणांच्या कारखान्यात काढलेला. तो आपल्या गावच्या तटबंदीचं कौतुक सांगत होता. चारशे वर्षांहून जुनी आहे म्हणाला.

"चारशे?" जेझुआल्दो सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात हसला. "व्याहीबुवा, चारशे वर्षं म्हणजे आमच्याकडे परवाची गोष्ट. तुमचे पूर्वज इथे चिखलात बेडूक पकडत होते ना, तेव्हा आमचे लोक दगडी थिएटरात बसून नाटकं बघत होते. या एकदा. दाखवतो!"

"येऊ," एर्मान्नो म्हणाला. उत्तरेची माणसं. बोललेलं लक्षात ठेवतात.

मधल्या काळात जेझुआल्दो ड्रायव्हिंग स्कूलमधून निवृत्त झाला आणि त्याने घरावर मजला चढवला. अर्ध्या सिराकूझाला गाडी आपण शिकवली असं तो छाती काढून सांगे. सिराकूझातली वाहतूक पाहिलेला दुसरा कुणी असता तर त्याने ही गोष्ट लपवून ठेवली असती. वरचा मजला दानिलोसाठी होता. दानिलो एकुलता एक, इंजिनिअर, बायको इलारियाच्या गावी नोकरीला. आज ना उद्या तो परत येणार याबद्दल बापाला शंका नव्हती. येतो असं दानिलो कधी म्हणाला नव्हता. पण येत नाही असंही म्हणाला नव्हता, आणि जेझुआल्दोच्या लेखी ते वचनच होतं. वरच्या न्हाणीघरात त्याने स्वतःच्या हाताने निळ्या टाइल्स बसवल्या. बाल्कनी समुद्राच्या बाजूला काढली. समुद्र दिसत नव्हता, पण वारा तिकडूनच येत होता.

जूनमध्ये व्याही आणि विहीणबाई आले. सगळा इटली उभा कापत, शेवटी गाडीसकट बोटीत बसून, स्वतःच्या गाडीने आले. सामानात बेर्गामोचं चीज होतं, सलामी होती आणि सिराकूझावरचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्याच्या पानापानांतून रंगीत चिठ्ठ्यांनी जिभा बाहेर काढल्या होत्या.

वेनेराने त्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "हा माणूस अभ्यास करून आलाय, जेझुआ. तुझं कसं व्हायचं?"

"माझ्याच गावात मला कोण विचारतंय?"

"तोच विचारणार. तूच बोलावलंयस."

अडचण अशी होती की जुन्या ग्रीकांनी वसवलेल्या सिराकूझाच्या माणसाकडे ग्रीक अवशेष असतात. ते बघायचे नसतात. बघायला जर्मन येतात. जेझुआल्दो थिएटरात एकदाच गेला होता, शाळेच्या सहलीबरोबर, आणि त्याला त्यातलं फक्त आईने पावात घालून दिलेलं ऑम्लेट आठवत होतं. बाकी वेळी तो त्या भागातून शिकाऊ चालकांना घेऊन जाई, कारण तिथे गाडी मागे घेण्याचा सराव चांगला होतो.

पहिल्या दिवशी त्याने सोपी जागा निवडली. ओर्तीजा बेटावरचं मोठं चर्च. तिथे त्याचं लग्न झालं होतं. ते चर्च आपल्याला पाठ आहे असं त्याला वाटत होतं. आत गारवा होता. तो नेहमीच्या सवयीने टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "हे आमचं चर्च."

एर्मान्नोने पुस्तकातून डोकं वर काढलं. "हे डोरिक ना?"

"काय?"

"तुम्ही ज्याला टेकलाय तो खांब. जुन्या ग्रीक घडणीचा."

जेझुआल्दो वळून बघू लागला. खांब होता खरा. चांगला कवेत न मावणारा, भिंतीत अर्धा चिणलेला, वर जाऊन कुठल्या कुठे पोचलेला. या खांबाला टेकून त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांची लग्नं बघितली होती.

"आधी इथे अथेना देवीचं देऊळ होतं," एर्मान्नो वाचत होता. "त्याच खांबांच्या मधे भिंती घालून चर्च केलं. मधल्या काळात मशीदही होती म्हणतात."

"मग?" जेझुआल्दो म्हणाला. "आम्ही काही टाकत नाही."

हे बरं बोलून गेला तो, पण एर्मान्नो थांबणाऱ्यातला नव्हता. खांब एकूण किती? बाहेरच्या बाजूने किती दिसतात? भूकंपात कुठला कलला? विहीणबाई ओर्नेल्ला पदराआड हसावं तशी पंख्याआड हसत होती, आणि मधूनच नवऱ्याकडे रोखून बघत होती. रात्रीच्या जेवणाआधी दोघे पुरुष गच्चीत बसले तेव्हा एर्मान्नोने घसा साफ केला. "व्याहीबुवा, एक सांगायचं होतं तुम्हाला."

"बोला ना."

एर्मान्नोने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली ठेवलेल्या ऑलिव्हच्या वाडग्याकडे पाहिलं. "ती देवळावरच्या अथेनाच्या मूर्तीच्या हातातली ढाल. ती म्हणे समुद्रातल्या बोटींना लांबून चमकताना दिसायची. खरं का हो?"

"दिसायची," जेझुआल्दोने ठोकून दिलं. "माझा आजा सांगायचा."

दुसऱ्या दिवशी अपोलोचं देऊळ झालं. तिथे तर जेझुआल्दोची रोजची ये-जा, कारण पलीकडे मासळीबाजार. पण देवळाला पायऱ्या आहेत, पायरीवर काहीतरी कोरलंय आणि ते काय कोरलंय याचा उभ्या जन्मात त्याने विचार केला नव्हता. एर्मान्नोने केला होता. परतल्यावर जेझुआल्दोने त्याला वरचा मजला दाखवला, म्हणजे आता प्रश्न आपल्या मैदानात येतील. बाल्कनी दाखवली, टाइल्स दाखवल्या, नळ उघडून दाखवला. "बघा, गरम पाणी. लगेच." एर्मान्नोने पाण्याखाली बोट धरलं आणि बराच वेळ काढलं नाही. एकही प्रश्न विचारला नाही. इतक्या चौकस माणसाने न्हाणीघराबद्दल काहीच विचारू नये याचा जेझुआल्दोला जरा रागच आला.

"एखादं पुस्तक आण आणि वाच की," वेनेरा त्याला म्हणाली.

"माझ्याच गावाबद्दल? पुस्तकात?"

तिसऱ्या दिवशी थिएटर. वेनेराचे गुडघे दुखत होते, ती घरी थांबली. ओर्नेल्लाने छत्री घेतली. थिएटरात नाटकांचा हंगाम चालू होता, त्यामुळे दगडी पायऱ्यांवर लाकडी फळ्या ठोकलेल्या होत्या आणि मध्ये नेपथ्याचं काळं घर उभं होतं. जगातलं एवढं जुनं दगडी थिएटर बघायला आलेल्या एर्मान्नोला लाकूडच दिसलं. जेझुआल्दोला बरं वाटलं. निदान इथे मोजायला काही नव्हतं.

तिथून खाली उतरलं की जुन्या दगडखाणी लागतात, आणि खाणीत ती गुहा. उंच, अरुंद, आत वळत गेलेली. कानासारखा आकार. हिची गोष्ट मात्र सिराकूझाच्या पोराटोरांना माहीत असते, आणि जेझुआल्दोने ती रंगवून सांगितली. डायोनिसियस नावाचा जुलमी राजा इथे कैदी ठेवायचा, आणि वरच्या भोकाला कान लावून ते काय कुजबुजतात ते ऐकायचा. इथे तोंडाशी कागद फाडला तरी आतल्या टोकाला ऐकू येतो!

एर्मान्नोने चिठ्ठी लावलेलं पान काढलं. "पुस्तक म्हणतं, ही दंतकथा आहे. नंतर कुणीतरी रचलेली."

जेझुआल्दोचं तोंड कडू झालं. "पाणी घेऊन येतो," तो म्हणाला, आणि गर्दीच्या पलीकडून वळसा घालून सरळ गुहेत शिरला. आत अंधार होता, गार होतं, आणि मुख्य म्हणजे कुणी काही विचारत नव्हतं. टोकाशी जाऊन तो एका दगडावर टेकला. तिथे कालाब्रियाहून आलेला नन्सचा घोळका उभा होता. त्यांतल्या एकीने भजन म्हणून बघितलं होतं आणि आता सगळ्या प्रतिध्वनी विरण्याची वाट बघत गप्प होत्या.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. अगदी कानाशी.

"आज तरी सांगा." ओर्नेल्ला बोलत होती.

"सांगतो गं. वेळ बघून सांगतो." हा एर्मान्नो.

"वेळ बघताय की खांब मोजताय? दानिलोने हे तुमच्या गळ्यात घातलंय, आणि तुम्ही हो म्हणालात. मी सांगू का?"

"काय सांगणार? की बाबा रे, तुझा मुलगा काही इकडे परत येत नाही, तो मजला तसाच राहू दे? काल त्याने मला नळ उघडून दाखवला, ओर्नेल्ला. 'बघा, गरम पाणी लगेच.' बिचारा."

बिचारा, म्हणाली गुहा. चारा. आरा.

जेझुआल्दो दगडावरून उठला नाही. बराच वेळ त्याला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता, तोही मोठा होऊन. नन्स एकमेकींकडे बघत होत्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी त्याच्याजवळ आली.

"तुम्हीच का ते?"

"कोण?"

"वरच्या मजल्याचे."

"छे! मी नाही."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असाल तर देव बघतोय."

गुहेबाहेरच्या उन्हात येईपर्यंत दुःखाचा राग झाला होता. रागाला निदान कुणीतरी समोर लागतं, आणि समोर एर्मान्नो होता. कळलं आता सगळं! या बटणवाल्याने पोराला काजासकट आपल्या कोटाला शिवून टाकलं, आणि वर इथे येऊन, आमच्या माशांवर ताव मारून, मला बिचारा म्हणतोय.

"पाणी?" एर्मान्नोने विचारलं.

"संपलंय. सिराकूझात आज पाणी नाही."

घरी जाताना त्याने मनाशी पक्कं केलं. याला बोलूच द्यायचं नाही. जे अजून सांगितलंच नाही ते अजून घडलेलंही नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता. व्याह्यांनी तोंड उघडायच्या आत त्यात एक अवशेष कोंबायचा. सिराकूझात अवशेषांना तोटा नाही.

त्या दिवसापासून जेझुआल्दो कार्पिंतेरीसारखा वाटाड्या गावाने पाहिला नाही. दुपारी, जेव्हा कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, त्याने व्याह्यांना भुयारातली थडगी दाखवली. सकाळी कॉफीचा कप खाली ठेवायच्या आत झ्यूसच्या देवळाकडे नेलं, जिथे शेतात फक्त दोन खांब उभे आहेत. माहिती नव्हती तिथे त्याने ती तयार केली, आणि त्याच्या लक्षात आलं की हे गाडी शिकवण्याइतकंच सोपं आहे. आवाजात खात्री हवी, बाकी समोरचा मान डोलावतो.

"जेझुआल्दो, जरा एक गोष्ट–" एर्मान्नो सुरू करी.

"गोष्ट? गोष्ट तर पुढेच आहे! चला, चला."

"नाही, दानिलोबद्दल–"

"दानिलोला हे खांब फार आवडायचे. हा डावीकडचा बघा, डावीकडचा."

ओर्नेल्लाने दुसऱ्याच सकाळी हात टेकले. "मी वेनेराबरोबर घरी थांबते," ती म्हणाली. "तुम्ही दोघे बघून या काय बघायचं ते." जाताना तिने नवऱ्याच्या डोक्यावर टोपी दाबून बसवली. त्याचं नाक एव्हाना टोमॅटोसारखं झालं होतं.

त्या दिवशी एवरियालोचा जुना ग्रीक किल्ला काढला. गावाबाहेर, उंचावर, झाड नावाला नाही. गाडी एर्मान्नोची, चालवणार एर्मान्नो. शेजारी बसलेल्या जेझुआल्दोचा उजवा पाय प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबत होता.

"तुम्ही काय शोधताय पायाने?" एर्मान्नोने विचारलं.

"काही नाही. सवय."

"माझ्या हातून आजवर एक ओरखडा उठलेला नाही गाडीला."

"उत्तरेत असेल. इथे गाडी चालवताना पुढे बघून भागत नाही, समोरच्याच्या मनात बघावं लागतं."

किल्ल्यावर पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. तुटके बुरूज, खंदक, वाळलेलं गवत, खाली समुद्र आणि लांबवर तेलशुद्धीकरण कारखान्याची धुराडी. एक फ्रेंच जोडपं सोडलं तर कुणी नव्हतं. एर्मान्नोने काखेतलं पुस्तक उघडलं, पण अक्षरं हलत असावीत, कारण तो एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होता. "एवढा मोठा किल्ला. आणि रोमन आले तेव्हा किल्लेदाराने न लढताच देऊन टाकला. असं का केलं असेल?"

जेझुआल्दोला संधी मिळाली. "का ते मी सांगतो. त्या किल्लेदाराला एक मुलगा होता."

"हे पुस्तकात नाही."

"पुस्तक छापलंय कुठे?"

"मिलानला."

"मग कसं असेल? ऐका. एकुलता एक मुलगा. बापाने त्याच्यासाठी हा बुरूज बांधला. स्वतः दगड निवडले. समुद्राकडे खिडकी काढली. पण पोरगा गेला उत्तरेला. तिथे एका व्यापाऱ्याने त्याला गोड बोलून भुरळ घातली, पोरगी दिली, आणि ठेवून घेतला कायमचा. बाप इथे उभा राहून वाट बघायचा. रोज. शेवटी शत्रू आला तेव्हा म्हणाला, घ्या हो, न्या. मला एकट्याला काय करायचाय एवढा मोठा किल्ला?"

फ्रेंच बाईला थोडंफार इटालियन येत असावं. तिने नवऱ्याचा दंड धरला आणि डोळे पुसले.

एर्मान्नो मात्र बुरुजाकडे नाही, जेझुआल्दोकडे बघत होता. "कसला व्यापारी होता तो?"

"बटणांचा," जेझुआल्दो म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं.

एर्मान्नोने पुस्तक मिटलं. "ग्रीक लोक बटणं लावत नव्हते," तो सावकाश म्हणाला. "खांद्यावर पिना लावायचे. बटणांबद्दल मला सांगू नका. तुम्हाला कळलंय."

"कळलंय."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. त्या दंतकथेत. मी आत टोकाशी बसलो होतो. मी आणि नन्स." त्याचा आवाज चढला. "बिचारा म्हणालात मला! स्वतः पोरगा पळवलात आणि बिचारा म्हणता? तुमच्या घरात तो सुखात राहणार, तुमच्या अंगणात त्याची पोरं खेळणार, आणि मी काय इथे नळ उघडून बसू?"

"माझ्या घरात?" एर्मान्नो इतक्या जोरात ओरडला की फ्रेंच जोडपं दोन पावलं मागे सरलं. "माझ्या घरात राहणार असता तर मी हा सगळा देश गाडीने कापत आलो असतो का? चिठ्ठीवर कळवलं असतं! नॉर्वेला चाललेत ते. दोघंही. स्टावांगर म्हणून गाव आहे, समुद्रातून तेल काढतात. सप्टेंबरात जाणार. मलाही महिन्यापूर्वीच कळलं." तो श्वास घ्यायला थांबला. "मीही वरचा मजला बांधलाय, जेझुआल्दो. इलारियासाठी. लाकडी फरशी घातलीय, ओकची. फरक एवढाच की माझ्याकडे गरम पाणी यायला वेळ लागतो."

एवढं बोलून तो खाली बसला. बसला म्हणजे पायच गेले त्याचे. टोपी गळाली, ओठ पांढरे पडले. जेझुआल्दोचा सगळा राग एका क्षणात पळाला. व्याही मेला तर ओर्नेल्लाला काय तोंड दाखवायचं, हाच विचार राहिला. त्याने एर्मान्नोच्या काखेत हात घातले. फ्रेंच माणूस धावला, त्याने पाय धरले, आणि तिघे मिळून त्या किल्ल्याच्या भुयारात उतरले. तिथे गार होतं. फ्रेंच बाईने आपली पाण्याची बाटली दिली. जेझुआल्दोने रुमाल भिजवून व्याह्याच्या मानेवर ठेवला, आणि टोपीने वारा घालत राहिला.

"मला सांगता येत नव्हतं हो," थोड्या वेळाने एर्मान्नो डोळे मिटूनच म्हणाला. "दर वेळी तोंड उघडलं की तुमचा चेहरा दिसायचा. मग मी खांबांबद्दल विचारायचो. मला खांबांत काडीचा रस नाही."

"मलाही नाही," जेझुआल्दो म्हणाला.

"ते कळत होतं."

"आजा बिजा काही सांगायचा नाही. तो ढालीचं नावही ऐकून नसेल."

एर्मान्नो हसला. ज्या भुयारातून एके काळी घोडदळ शत्रूच्या अंगावर धावून जाणार होतं, तिथे दोन म्हातारे आलटून पालटून एका बाटलीतलं पाणी पीत होते.

परत येताना गाडी जेझुआल्दोने चालवली. एर्मान्नो शेजारी दाराचं हँडल घट्ट धरून बसला होता आणि प्रत्येक वळणावर डोळे मिटत होता. आता प्रश्न उरला वेनेराचा. तिला कोण सांगणार?

"मी सांगतो," एर्मान्नो म्हणाला. "माझंच काम आहे. हळूहळू सांगतो. आधी नॉर्वेची हवा चांगली आहे म्हणतो."

"नॉर्वेची? हवा?"

"मग तिथे मासे छान मिळतात म्हणतो."

"सिराकूझाच्या बाईला माशांचं सांगणार? त्यापेक्षा मी सांगतो. पण तुम्ही दारापाशी थांबा. ती हातात असेल ते फेकते."

गाडी लावून ते फाटकात शिरले आणि जागीच थांबले. वरच्या मजल्यावरून रडण्याचा आवाज येत होता. साधं रडणं नव्हे. काळीज फाडून काढलेला आक्रोश, चढत चढत जाणारा, मग एकदम खाली कोसळणारा. "मुला," असं काहीतरी ऐकू आलं. "अरे माझ्या मुला!"

"ओर्नेल्लाने सांगितलं," एर्मान्नो पुटपुटला. "अरे देवा. सांगितलं तिने."

जेझुआल्दो जिन्याकडे धावला. आयुष्यात इतक्या वेगाने तो कधी जिना चढला नव्हता. "वेनेरा!" तो ओरडला. "वेनेरा, मी आलोय! रडू नकोस, नॉर्वेत मासे–"

दार उघडं होतं. रिकाम्या खोलीच्या मधोमध दोन तरण्या मुली उभ्या होत्या. एकीचे दोन्ही हात वर होते आणि तोंड आक्रोशासाठी उघडलेलं होतं. भिंतीला लागून दोन खुर्च्यांवर वेनेरा आणि ओर्नेल्ला बसल्या होत्या. दोघींच्या हातात बदामाच्या ग्रानिताचे पेले होते, आणि बर्फ वितळू नये म्हणून त्या भराभर खात होत्या.

"काय रे, काय झालं?" वेनेरा म्हणाली. "किती लाल झालायस. व्याहीबुवा कुठायत?"

"तू... कोण आहेत या?"

"थिएटरातल्या. कोरसमध्ये रडायचं काम करतात. राहतात तिथे उंदीर झालेत, म्हणून जागा बघायला आल्यात. इथे आवाज फार छान लागतो म्हणतायत, खोली रिकामी आहे ना. दाखव गं, पुन्हा दाखव."

"ही दानिलोची खोली आहे!"

वेनेराने पेला खाली ठेवला. मुलींना तिने बाल्कनीत पाठवलं. "दानिलो नॉर्वेला चाललाय," ती म्हणाली. "मला ईस्टरपासून माहीत आहे. आईला पहिल्यांदा सांगतात, जेझुआ. बापाला सांगायला माणसं पाठवावी लागतात."

एव्हाना एर्मान्नोही धापा टाकत दारात पोचला होता. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, विहीणबाई? आणि ते ओर्नेल्लालाही कळलं होतं?"

"आल्या दिवशीच बोललो आम्ही दोघी," ओर्नेल्ला म्हणाली. "भांडी घासताना. तुम्हाला म्हटलं, बघू किती दिवस खांब मोजता."

"ईस्टरपासून!" जेझुआल्दो म्हणाला. "आणि मी मे महिनाभर उकिडवा बसून टाइल्स लावत होतो. तू मला सरबत आणून देत होतीस!"

"तेव्हाच सांगितलं असतं तर तू टाइल्स अर्ध्या सोडल्या असत्यास. अर्धं न्हाणीघर कोण घेईल?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि तू शीळ घालत होतास काम करताना. मला ती थांबवायची नव्हती."

जेझुआल्दो भिंतीला टेकला. बाल्कनीतल्या मुली आपसात हळू आवाजात हसत होत्या. ओर्नेल्लाने उरलेला ग्रानिता नवऱ्याच्या हातात दिला, आणि तो लहान मुलासारखा चमच्याने खाऊ लागला.

संध्याकाळी दानिलोला फोन लावला. चौघे टेबलाभोवती, फोन मधे. पलीकडून दानिलोचा आवाज आला, चोरी पकडल्यासारखा. "पप्पा, एर्मान्नोंनी सांगितलं का तुम्हाला?"

"सांगितलं. फार चांगलं सांगितलं. नन्सनासुद्धा आवडलं."

"काय?"

"काही नाही. पुढे बोल."

"तुम्ही रागावलात?"

"मी कशाला रागावू? तुझ्या खोलीत दोन नट्या रोज रडणार आहेत. माझ्या वाटणीचंही त्याच रडतील."

पलीकडे दानिलो हसला नाही. "पप्पा, तुम्ही चौघं या ना तिकडे. घर मिळालं की लगेच. सगळं दाखवतो तुम्हाला."

जेझुआल्दोने व्याह्याकडे पाहिलं. व्याह्याने त्याच्याकडे. "दाखवतो म्हणजे? बघायला काय आहे तिथे?"

"एक जुनं चर्च आहे. लाकडी घरं आहेत. आणि मासे डब्यात भरायचा एक जुना कारखाना होता, त्याचं म्युझियम केलंय."

एर्मान्नोचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. ओर्नेल्लाने तो धरला.

"येतो," जेझुआल्दो म्हणाला. "पण तुला आणखी काही सांगायचं असेल तर ते आत्ता सांग. तिथे बोलावून घेऊन, कारखान्यातून फिरवून मग सांगू नकोस."

पलीकडे कुजबुज झाली. मग मागून इलारियाचा आवाज ऐकू आला, "अरे, सांग ना आता."

दानिलोने सांगितलं. फेब्रुवारीत आम्ही तिघं होणार, म्हणाला.

वेनेरा आणि ओर्नेल्ला एकदमच किंचाळल्या. एक खुर्ची पडली. एर्मान्नो उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उभा राहिला आणि कुणाशी हस्तांदोलन करावं हे न कळून त्याने फोनच हातात घेतला. जिन्यावर पावलं वाजली. वर सामान लावणाऱ्या दोन्ही मुली धावत खाली आल्या, आणि चौघांचे ओले डोळे बघून दारातच थबकल्या.

"काय झालं?" त्यांतल्या उंच मुलीने घाबरून विचारलं. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," जेझुआल्दो नाक पुसत म्हणाला. "येतंय कुणीतरी. नॉर्वेला."